फरक बियाण्यातला की कुंडीतला? गॅलरीत गुलबक्षीचा संकर करण्याची रीत

आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलच्या नावाने शिकवलं जाणारं, संकराच्या दुसऱ्या पिढीतलं १:२:१ हे प्रमाण शाळा-कॉलेजात सगळ्यांनी पाठ केलेलं असतं, पण ते उमललेल्या फुलांत मोजलेले लोक मोजकेच. ठाण्यात किंवा नवी मुंबईत ते मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. दोन रंगांची गुलबक्षी, उन्हाची गॅलरी किंवा सोसायटीची गच्ची, आणि साधारण सव्वा वर्षाची चिकाटी लागते. सोबत एक सवय लावून घ्यावी लागते. दोन झाडांत फरक दिसला की लगेच 'आनुवंशिक' म्हणायचं नाही. हा फरक बियाण्यातून आला की कुंडीतून, हे आधी तपासायचं.

गुलबक्षीच का? जास्वंद आणि गुलाब इथे कलमावर वाढतात, बी क्वचित धरतात आणि त्यांचं कूळ कुणालाच माहीत नसतं. गुलबक्षी बियांपासून येते, अडीच-तीन महिन्यांत फुलते, आणि तिचं फूल हाताळता येण्याइतकं मोठं असतं. परागकण इतके ठसठशीत की साध्या डोळ्यांनाही पिवळ्या रव्यासारखे दिसतात. अडचण एकच, पण मोठी: एका फुलात बीजांड एकच, म्हणून एका फुलाला एकच बी. वाटाण्याच्या एका शेंगेत सहा-सात दाणे मिळतात, इथे प्रत्येक दाण्यासाठी एक कळी सोलावी लागते.

घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर आधीच सांगून ठेवतो, गुलबक्षीच्या बिया आणि मुळं विषारी असतात. काळ्या बिया मिऱ्यासारख्या दिसतात. त्या स्वयंपाकघरात ठेवू नका.

वेळापत्रक

जूनच्या पहिल्या आठवड्यात बी लावा. ऑगस्टअखेर फुलं येतील. संकर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करायचा, कारण भर पावसात पराग ओला झाला की फुटतो. त्या बिया नोव्हेंबरात लावा, आपल्याकडची थंडी त्यांना बाधत नाही. फेब्रुवारीत पहिली पिढी फुलेल. तिचं स्वपरागण करून, म्हणजे फुलाला स्वतःचेच पराग लागू देऊन, मिळालेलं बी पुढच्या जूनमध्ये लावलं की सप्टेंबरात दुसरी पिढी मोजायला तयार.

लावण्याआधी बी रात्रभर पाण्यात ठेवा. टरफल फार टणक वाटलं तर टोकाच्या विरुद्ध बाजूला सँडपेपरने एक-दोनदा घासा. एक सेंमी खोल पेरा, आठ-दहा दिवसांत कोंब दिसतो. दहा इंची कुंडीत एकच झाड ठेवा. दोन भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट पुरे. रोज चार-पाच तास थेट ऊन हवं. खत जास्त झालं तर पानंच पानं येतात आणि कळ्या रुसतात. गुलबक्षीला जमिनीत गड्डा असतो, बशीत पाणी साचलं की तो कुजतो. जुलैत मेलेली बहुतेक गुलबक्षी तहानेने नाही, लाडाने मेलेली असते.

आई-बाप निवडताना

एक गडद, एकरंगी झाड घ्या. मराठीत 'गुलबक्षी' हे रंगाचंही नाव झालंय, तोच रंग चालेल. दुसरं स्वच्छ पांढरं. ठिपके, शिंतोडे किंवा अर्धं फूल एका रंगाचं नि अर्धं दुसऱ्या असलेली झाडं दिसायला सुंदर असतात, पण या कामाला नकोत. कारण पुढे येईल.

रस्त्याकडेच्या नर्सरीतून आणलेलं झाड शुद्ध आहे की नाही हे बघून कळत नाही. दोन्ही आई-बापांची निदान बारा-बारा फुलं उमलण्याआधीच जाळीच्या पिशवीत बंद करा आणि हात लावू नका. हळदीकुंकवाच्या वाणासाठी मिळतात त्या ऑर्गेंझाच्या छोट्या पोटल्या यासाठी उत्तम. हवा खेळते, पण संध्याकाळी येणारे पतंग आत शिरत नाहीत. गुलबक्षीचं फूल मिटताना केसर (पराग देणारे तंतू) आणि कुक्षी (पराग झेलणारं मादी-टोक) एकत्र गुंडाळले जातात आणि पराग आपोआप कुक्षीला लागतो, म्हणून स्वपरागणाला तुमची मदत लागत नाही.

ही बारा बियांची पोरं नोव्हेंबरात संकराच्या बियांसोबतच लावा. सगळी आईच्याच रंगाची निघाली तर आई शुद्ध धरायला हरकत नाही. आठ बियांवर भागवू नका. आईत एखादं अप्रभावी, म्हणजे एकच प्रत असताना न दिसणारं, जनुक लपलेलं असेल तर ते आठही पोरांत न दिसण्याची शक्यता सुमारे १० टक्के, बारा असतील तर ३ टक्के. एखादं जरी वेगळ्या रंगाचं निघालं तरी त्या आईचा संकर बाजूला काढा. सहा महिने गेले म्हणून हळहळायचं आणि पुढे जायचं.

संकराची दुपार

जवळ काय काय हवं: टोकदार चिमटा, भरतकामाची छोटी कात्री, शिवणाची सुई, दहापट मोठं दाखवणारं भिंग, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस, जाळीच्या पोटल्या, दोन रंगांची लोकर आणि श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणातून कापलेल्या पट्ट्या. पट्टीवर पेन्सिलने लिहा. बॉलपेन आणि मार्कर दोन सरींत धुऊन जातात, पेन्सिल वर्षभर टिकते.

आज उमलणारी कळी दुपारी दोनच्या सुमारास ओळखू येते. तिची नळी कालपेक्षा लांब झालेली असते, टोक फुगलेलं असतं आणि फुलाचा रंग बाहेरून दिसायला लागलेला असतो. हिरवट, आखूड कळी उद्याची, ती सोडा. आभाळ भरलेलं असेल तर फुलं लवकर उमलतात, अशा दिवशी दीडलाच बसा.

कळी डाव्या हाताच्या दोन बोटांत अलगद धरा. सुईचं टोक फुगीर भागाच्या एका बाजूला घालून वरच्या वर चिरा. खोल नको, आत केसर आणि कुक्षिवृंत (कुक्षीचा दांडा) स्प्रिंगसारखे गुंडाळून बसलेले असतात. चिरलेला पापुद्रा उघडला की बारीक तंतूंच्या टोकांना पाच परागकोश, म्हणजे परागांच्या पिशव्या, दिसतील, जोड-गोळ्यांसारखे. सहावा तंतू जरा वेगळा, त्याच्या टोकाला दाणेदार गुंडी असते. ती कुक्षी, तिला धक्का लावायचा नाही. पाचही परागकोश एकेक करून चिमट्याने खुडा आणि मोजा. चारच हाताला लागले तर पाचवा आतच आहे. मग भिंगातून कुक्षी बघा. पिवळा एक कण जरी दिसला तरी ती कळी बाद. पोटली बांधा, चिमटा स्पिरिटने पुसा, तो वाळू द्या आणि मगच पुढची कळी.

ज्या झाडाचे पराग वापरायचे त्याच्या कळ्यांनाही दुपारीच पोटल्या बांधा, नाहीतर पतंग बाहेरचे पराग आणून टाकतात. साडेपाच-सहाला ही फुलं उमलली आणि परागकोश फुटले की एक फूल तोडा, पापुद्रा मागे दुमडा आणि केसरांचा झुबका सोललेल्या कळीच्या कुक्षीवर हलके टेकवा. रंगवायच्या कुंचल्यापेक्षा हे बरं, कारण कुंचल्यात आधीच्या झाडाचे पराग अडकून राहतात. कुक्षीवर चार-पाच कण दिसले की पुरे. पोटली परत बांधा, देठाला लोकर बांधा आणि पट्टीवर आई, बाप, तारीख या क्रमाने लिहा. आई म्हणजे जिच्यावर बी धरायचं ते झाड, ती नेहमी आधी.

दोन-तीन दिवसांत फूल वाळून गळतं. बुडाशी हिरवी गाठ राहिली आणि फुगू लागली तर बी धरलं. गाठही गळाली तर फसलं. तीन-एक आठवड्यांत गाठ काळी होते आणि बोट लागताच पडते, म्हणून पोटली शेवटपर्यंत काढायची नाही. पहिल्या खेपेला निम्म्या कळ्यांनी बी धरलं तरी हात बसला समजा. पंधरा बिया हव्या असतील तर तीस कळ्या सोला, आणि त्यातल्या निम्म्या उलट दिशेने करा: पांढरी आई, गडद बाप.

आणखी दहा कळ्या अशा ठेवा की पराग काढले, पोटली बांधली, पण संकर केलाच नाही. यांना बी धरता कामा नये. तीन-चार धरलं, तर तुमचे परागकोश आधीच फुटत आहेत आणि तुमच्या 'संकरा'तल्या काही बिया संकराच्या नाहीत. या दहा 'रिकाम्या' कळ्या फार लोक टाळतात आणि मग निकाल विचित्र आला की मेंडेलला दोष देतात.

मोजणी

दोन्ही आई-बाप शुद्ध असतील तर पहिल्या पिढीतली सगळी झाडं एकाच रंगाची दिसायला हवीत, बहुधा मधल्या छटेची. याला अपूर्ण प्रभाविता म्हणतात. जनुकाची एकच चालू प्रत असली की रंगद्रव्य कमी बनतं. उलट दिशेच्या संकरातूनही तोच रंग आला तर हे जनुक आई-बाप दोघांकडून सारखंच येतं असं धरा. या पिढीच्या फुलांना पुन्हा पोटल्या बांधून स्वपरागण होऊ द्या.

दुसऱ्या पिढीत १ गडद, २ मधली, १ पांढरं ही अपेक्षा. इथेच घोळ होतो. चार बिया लावल्या आणि बरोबर १:२:१ आलं, असं होण्याची शक्यता जेमतेम १९ टक्के आहे. प्रत्येक बी म्हणजे नाण्यांची नवी फेक, आधीच्या बीला काय मिळालं ते तिला माहीत नसतं. आठ झाडांत एकही पांढरं नसणं दहातून एकदा घडतंच, सोळांत शंभरातून एकदा. म्हणून सोळाच्या खाली मोजणी नको आणि चाळीस असतील तर उत्तम. मेंडेलने नुसत्या गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांसाठी ७,३२४ वाटाणे मोजले होते, ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले. चाळीस कुंड्या म्हणजे काहीच नाही.

एका गॅलरीत चाळीस कुंड्या मावत नाहीत हे खरं. सोसायटीतल्या दहा घरांना चार-चार बिया द्या, पण चिठ्ठ्या टाकून. टपोऱ्या बिया ओळखीच्यांना आणि बारक्या उरलेल्यांना असं झालं तर मोजणी कामातून गेली. पेरलेली प्रत्येक बी वहीत हवी, न उगवलेलीसुद्धा. एखाद्या रंगाची रोपं जास्त मरत असतील तर उरलेल्यांचं प्रमाण खोटं बोलतं.

समजा ८ गडद, २३ मधली, ९ पांढरी आली. अपेक्षा १०, २०, १०. प्रत्येक गटात फरकाचा वर्ग करून अपेक्षेने भागा: ४ भागिले १०, ९ भागिले २०, १ भागिले १०. बेरीज ०.९५. ही काय-वर्ग (chi-square) कसोटी. तीन गटांसाठी तिची मर्यादा ५.९९ आहे, त्या मर्यादेच्या आत असाल तर हा फरक नशिबाचा म्हणता येतो. १६, २०, ४ आलं असतं तर बेरीज ७.२ झाली असती, आणि मग पिशव्या, पट्ट्या, न उगवलेल्या बिया असं एकेक तपासावं लागलं असतं.

पुस्तकाप्रमाणे नाहीच आलं तर

सगळं नीट करूनही पहिल्या पिढीत भलताच रंग येऊ शकतो, म्हणजे पांढरं आणि पिवळं मिळून गुलाबी वगैरे. याचा अर्थ चूक झाली असाच नाही. गुलबक्षीचा रंग एका जनुकावर ठरत नाही. तिची लाल-जांभळी आणि पिवळी रंगद्रव्यं बीटाच्या रंगाच्या कुळातली आहेत आणि ती टप्प्याटप्प्याने बनतात. वरच्या टप्प्याचं जनुक बंद असलं की खालच्या टप्प्याचं जनुक चांगलं असूनही फूल पांढरंच दिसतं. पांढऱ्या झाडाच्या पोटात काय दडलंय ते दिसत नाही, पोरांत दिसतं.

याचं माणसातलं उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेला 'बॉम्बे' रक्तगट. ए आणि बी हे प्रतिजन (रक्तपेशींवरच्या खुणा) एच नावाच्या पायावर उभे राहतात. एचचं जनुक दोन्ही प्रतींत बिघडलेलं असेल तर पायाच बनत नाही, आणि ए किंवा बीचं जनुक शाबूत असूनही साध्या तपासणीत माणूस ओ गटाचा दिसतो. त्याच्या मुलाला दुसऱ्या पालकाकडून चांगलं एच मिळालं की लपलेला ए किंवा बी वर येतो. तेव्हा रक्तगटाच्या कागदावरून कुणाच्या आई-बापाबद्दल शंका घेणं हा नुसता आगाऊपणा नाही, कधीकधी शास्त्रदृष्ट्याही चूक असतो.

आता ती शिंतोड्यांची फुलं. काही डीएनए तुकडे गुणसूत्रावरची जागा सोडून उड्या मारतात. असा तुकडा रंगाच्या जनुकात घुसला की जनुक बंद, निघून गेला की चालू. कळी घडत असताना तो लवकर निघाला तर त्या पेशीच्या सगळ्या लेकी रंगीत होतात आणि मोठा पट्टा उमटतो, उशिरा निघाला तर नुसता ठिपका. असे उडते तुकडे बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या दाण्यांत शोधले, १९८३ चं नोबेल त्यासाठीच. तुमच्या मोजणीत मात्र असं झाड आलं की ते कुठल्या रांगेत लिहायचं हेच ठरत नाही. फांदीनुसार फुलं मोजायची हौस असेल तर त्याची वेगळी वही करा.

कुंडीतून येणारा फरक

हा फरक पाहायला मनी प्लांटसारखं झाड नाही. ते आपणहून फुलत नाही, कारण फुलायला लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक त्यात पुरेसं बनत नाही. म्हणून घरोघरी फिरतात त्या फांद्याच, बी नव्हे. एकाच वेलाच्या दोन-दोन पेरांच्या सहा फांद्या कापा. तीन टांगत्या कुंडीत खाली सोडा, तीन मॉस-स्टिकवर किंवा ओलसर भिंतीवर चढवा. माती, पाणी, उजेड सारखा ठेवा. दर महिन्याला सर्वांत नव्या पानाची लांबी-रुंदी पट्टीने मोजा. चढणाऱ्याची पानं मोठी होत जातील, लोंबणाऱ्याची लहानच राहतील. जनुकं मात्र तीच. आता खरी कसोटी: मोठ्या पानाच्या वेलाची फांदी कापून टांगून ठेवा. नवी पानं पुन्हा बारकी येतात. झाडावर चढलेल्या वेलाची परातीएवढी पानं पाहून 'वेगळ्या जातीचा मनी प्लांट' म्हणून फांदी आणणाऱ्यांची निराशा इथेच होते.

ऐरोलीच्या खाडीतले रोहित पक्षी याच हिशेबातले. पिल्लं करडी असतात, गुलाबी रंग शेवाळ आणि बारीक कवचधारी जीवांतल्या कॅरोटिनॉइड्समधून येतो. ते रंगद्रव्य पिसांत साठवण्याची क्षमता जनुकांतली, रंगाचा माल मात्र खाण्यातला.

दोन्ही प्रकारचा फरक एकत्र पाहायचा तर कडवे वाल घ्या. बाजारातून आणलेल्या वालांतले १०० दाणे न निवडता मोजून घ्या, प्लास्टिकच्या व्हर्नियरने लांबी ०.१ मिमीपर्यंत मोजा आणि अर्ध्या मिलिमीटरच्या गटांत खुणा करा. मध्ये फुगलेला आणि दोन्हीकडे उतरता आलेख मिळेल. मग नोव्हेंबरात एकच दाणा लावा. पनवेल-अलिबागकडे भात कापल्यावर ओलीवर वाल पेरतात तीच वेळ. जूनमध्ये लावलात तर ग्रिलभर वेल होईल आणि शेंगेची वाट बघत बसाल, कारण गावठी वालाला फुलायला लहान दिवस लागतात. त्या एका वेलाचे सगळे दाणे मोजा. तेही सारखे नसतात, शेंगेच्या टोकाचा दाणा बऱ्याचदा बारका राहतो. पुढच्या नोव्हेंबरात त्यातले पाच सर्वांत मोठे आणि पाच सर्वांत बारके दाणे लावा. दोन्हींच्या पिकाची सरासरी जवळपास सारखीच आली पाहिजे, कारण वाल बहुतांशी स्वपरागणावर चालतो आणि त्या एका वेलाचे दाणे जनुकांनी जवळपास सारखे असतात. डेन्मार्कच्या विल्हेल्म योहान्सन यांनी १९०३ मध्ये घेवड्याच्या १९ शुद्ध वाणांवर हेच दाखवलं. बाजारातल्या मिश्र दाण्यांतून मोठे निवडले तर मात्र पुढची पिढी मोठी निघू शकते, कारण तिथे दाण्यागणिक जनुकंही वेगळी असतात. एकाच शेंगेतला टपोरा दाणा 'बियाण्यासाठी' म्हणून राखून ठेवणारे यात हमखास फसतात.

शाळेच्या प्रकल्पात जीभ वळवता येणं, कानाची पाळी चिकटलेली असणं अशा याद्या घरच्यांवर करायला सांगतात. त्या सोडा. जीभ वळवणं एका जनुकावर ठरत असतं तर एकसारख्या जुळ्यांत फरक दिसला नसता, आणि तो दिसतो. वर एखाद्या दत्तक मुलाची वर्गात उगीच पंचाईत होते.

मोजणी संपली की गुलबक्षी उपटून टाकू नका. एप्रिल-मे मध्ये झाड सुकलं तर गड्डा खणून काढा, माती झटका, सावलीत वाळवा आणि कोरड्या कोकोपीटमध्ये ठेवा. त्याच झाडाचा गड्डा जूनमध्ये तोच रंग घेऊन उगवतो, म्हणजे शुद्ध ठरलेले आई-बाप पुढच्या वर्षीही हाताशी राहतात. बिया कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्या तर पावसाळ्यात बुरशी लागते. पट्टी मात्र पाकिटाच्या आतच टाका, बाहेर चिकटवलेली निघून पडते.